पेठा ओळखायच्या असतील तर एकच फेरी धरा

नागपूरहून नोकरीसाठी पुण्यात आलेल्या आणि डेक्कन जिमखान्याजवळ राहणाऱ्या एका धावपटू बाईंचा प्रश्न आहे. वर्षभर त्या नेमाने धावत आहेत, कधी मैदानाला फेऱ्या मारतात, कधी हनुमान टेकडी चढतात. पण शहर मात्र ऑफिसच्या बसमधून दिसते तेवढेच त्यांना ठाऊक आहे. जुन्या पेठांमधून धावावे असे त्यांना फार वाटते, मात्र अरुंद रस्ते, वाहने, भटकी कुत्री आणि पहाटेचा अंधार यांची धास्ती आहे. डिसेंबरात हाफ मॅरेथॉन धावायची असल्यामुळे अशा भटकंतीने सराव बिघडेल काय, हीही शंका आहे. एखादा चांगला मार्ग सुचवावा, अशी त्यांची विनंती आहे.

मार्ग मी सांगणारच आहे. पण नवशिक्या धावपटूंना शिकवण्याचे आणि त्यांना रविवारी पेठांमधून नेण्याचे काम मी बरीच वर्षे करते, आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की अडचण मार्गाची नसते. धावणे आणि पाहणे या दोन्ही गोष्टी एकाच लक्षावर हक्क सांगतात, ही खरी अडचण आहे. धावताना नजर जमिनीवर हवी, श्वासाकडे ध्यान हवे आणि लय तुटता कामा नये. पाहताना नजर वर हवी, मध्येच थांबता यायला हवे आणि कोणी बोलले तर दोन शब्द बोलण्याइतकी सवड हवी. या दोहोंची सांगड कशी घालायची, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे असे मी धरून चालते.

बहुतेक जण ती सांगड दर रविवारी नवा मार्ग घेऊन घालू पाहतात. घड्याळातल्या नकाशावर रेघांचे जाळे वाढत जाते, पण चार महिन्यांनी त्यांना विचारले की फडके हौद ओलांडल्यावर रस्ता चढतो की उतरतो, तर सांगता येत नाही. याचे कारण साधे आहे. किलोमीटरला सहा मिनिटे या वेगाने धावणारी व्यक्ती दहा मीटर रुंदीच्या वाड्यासमोरून चार सेकंदांच्या आत पुढे निघून जाते. मार्ग अनोळखी असेल तर त्या चार सेकंदांतही डोळे पुढचे वळण, समोरची दुचाकी आणि पायाखालचा उखडलेला ब्लॉक शोधण्यात गुंतलेले असतात. वाडा दिसला असे वाटते, पण तो पाहिलेला नसतो. तोच मार्ग काही आठवडे धावल्यावर कोठे झाकण खचले आहे, कोठे फुटपाथ संपतो आणि कोणत्या वळणावर रिक्षा अंगावर येते, हे पायांना पाठ होते आणि नजर मोकळी होते. म्हणून माझा सल्ला असा की एक छोटी फेरी कायमची धरावी, ती पाठ होईपर्यंत बदलू नये आणि नंतर तिला एकेका वेळी एकेकच फाटा जोडावा. शहर ओळखीचे होते ते या पुनरावृत्तीमुळे.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही डेक्कनला राहता म्हणून पेठा तुम्हाला पुलापलीकडे आहेत. हिंजवडी किंवा खराडीला राहणाऱ्या व्यक्तीला मी आधी स्वतःच्या परिसरातले गावठाण धावायला सांगेन, कारण पाषाण, बाणेर, कोथरूड, औंध या सर्व ठिकाणी नव्या इमारतींच्या पोटात जुने गाव अजून आहे आणि तेही ओळखण्याजोगे आहे. अर्धा तास न थांबता धावण्याची सवय नसेल तर हीच फेरी आधी दोन-तीनदा चालावी. पहाटे एकटीने निघायचे की सोबतीने, याचे उत्तर तुमच्या स्वभावावर आणि घरातून निघण्याच्या वेळेवर ठरेल. त्याविषयी पुढे लिहिते.

आता फेरी. डेक्कनहून निघून लकडी पुलावरून मुठा ओलांडावी. पानिपतानंतर १७६१ मध्ये येथे लाकडी पूल झाला. आजच्या दगडी पुलाचे नाव छत्रपती संभाजी महाराज पूल असले तरी लोक लकडी पूलच म्हणतात. पलीकडे अलका टॉकीज चौकातून केळकर रस्त्याने नारायण पेठेत शिरावे. वाटेत केसरी वाडा लागतो, म्हणजे पूर्वीचा गायकवाड वाडा, जो लोकमान्य टिळकांनी १९०५ मध्ये विकत घेतला. पुढे अप्पा बळवंत चौक, जेथे दिवसा पुस्तकांच्या दुकानांपुढे पाऊल ठेवायला जागा नसते आणि सकाळी सहाला सगळी शटर बंद असतात. तेथून तांबडी जोगेश्वरीवरून शिवाजी रस्त्याला लागायचे, डावीकडे वळायचे आणि लाल महाल मागे टाकून शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात पोहोचायचे. तेथून पश्चिमेला शनिवार पेठेतून ओंकारेश्वरापर्यंत जावे, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावरून पुन्हा मुठा ओलांडावी आणि बालगंधर्व रंगमंदिरावरून जंगली महाराज रस्त्याने डेक्कनला परतावे. अंतर साधारण चार किलोमीटर भरते.

ही फेरी मी मूळ फेरी म्हणून निवडते याला कारणे आहेत. नदी दोनदा ओलांडावी लागते, त्यामुळे पेठा आणि डेक्कन यांतला फरक शरीराला कळतो: अलीकडे रुंद रस्ते, झाडे आणि कंपाउंडच्या आत मागे सरलेली घरे, पलीकडे रस्त्यालाच भिडलेली दारे आणि भिंतीला भिंत. दुसरे असे की नदीकाठची पेठ आणि आतली पेठ यांत फरक का, याचेही उत्तर याच फेरीत मिळते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचे धरणही गेले, तेव्हा मुठेचे पाणी नारायण, शनिवार आणि कसबा पेठेच्या काठच्या भागात शिरले. जुनी घरे कोसळली आणि अनेक कुटुंबे गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली. केळकर रस्त्याने धावताना डावीकडच्या, नदीच्या बाजूच्या गल्ल्यांत डोकवावे. तेथे साठ-सत्तरच्या दशकांतल्या सिमेंटच्या इमारती अधिक दिसतात, तर उजवीकडे सदाशिव पेठेच्या अंगाला लाकडी सज्जे आणि उतरती कौले अजून तग धरून आहेत. पुनर्बांधणीच्या लाटेत हे चित्र झपाट्याने बदलते आहे, हे मला मनापासून खुपते.

शनिवारवाड्याजवळ वेग थोडा कमी करावा. त्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि १८२८ च्या आगीत आतील महाल जळाले, त्यामुळे आज उभे आहेत ते तट, बुरूज, दरवाजे आणि आतली जोती. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. सकाळचा तिरपा उजेड त्याच्या दाराच्या खिळ्यांवर पडतो तेव्हा हत्तीने धडक देऊ नये म्हणून बसवलेला प्रत्येक खिळा वेगळा दिसतो. हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो आणि तेवढा अर्धा मिनिट सरावात मुळीच महाग पडत नाही.

परतीच्या पुलाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकर फिरायला निघाले असताना याच पुलावर त्यांची हत्या झाली. सकाळच्या मोकळ्या हवेत पायी निघालेल्या माणसावर असा प्रसंग यावा, याची आठवण आमच्यातल्या कोणालाही त्या पुलावर होतेच. मी नव्या मंडळींना तेथे चालायला सांगते आणि ती घटना सांगते. शहर ओळखण्यात हेही येते.

मूळ फेरी पाठ झाली की पहिला फाटा मी पूर्वेला जोडायला सांगते, कारण पुण्याची जमीन समजते ती तेथे. शनिवारवाड्यावरून परत न फिरता कसबा गणपतीकडे वळावे. कसबा ही सर्वांत जुनी वस्ती, आणि तिची रचना बघता ती रस्त्यांभोवती वसलेली नाही, व्यवसायांभोवती वसलेली आहे: तांबट आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा, शिंपी आळी. या आळ्यांमधून धावताना सरळ रेघ धरता येत नाही. गल्ली जराशी वळते, अरुंद होते, एका देवळाच्या पाराशी रुंद होते आणि पुन्हा आक्रसते. पेस, म्हणजे धावण्याचा वेग, आपोआप कमी होतो, आणि तो कमी होऊ द्यावा.

तांबट आळीतून सकाळी सहाला गेलात तर तुम्हाला बंद दारे आणि शांतता मिळेल. तीच आळी नऊ-साडेनऊनंतर अनुभवली पाहिजे. कारागीर जमिनीवर बसून तांब्याचे भांडे लोखंडी टेकूवर ठेवतो आणि ते एका हाताने किंचित किंचित फिरवत दुसऱ्या हाताने हातोडीचे ठोके घालतो. ठोक्याशेजारी ठोका बसत जातो आणि भांड्याच्या अंगावर सारख्या अंतराचे चमकदार खळगे उमटतात. यालाच मठारकाम म्हणतात. त्याने तांबे घट्ट होते, म्हणून ही केवळ नक्षी नाही. दोन-तीन घरांतले ठोके एकदम चालू असतात तेव्हा आवाज गल्लीच्या दोन्ही भिंतींवर आपटून वाढतो आणि आळी दिसण्याआधीच ऐकू येते. माझ्या बरोबर धावणाऱ्या कित्येकांना ही आळी महिनोन्महिने फक्त मुकी म्हणून माहीत होती. म्हणूनच माझा दुसरा आग्रह असा असतो की फेरी एकच ठेवली तरी वेळ एकच ठेवू नये. महिन्यातून एखादी धाव उशिराची किंवा संध्याकाळची असावी, आणि गर्दी असेल तर ती चालून पूर्ण करावी.

कसब्यातून फडके हौद चौकाकडे आणि तेथून दारूवाला पुलाकडे जाताना रस्ता हलकेच उतरतो आणि पूल ओलांडल्यावर पुन्हा चढतो. गाडीतून जाणाऱ्याला हा उतार जाणवत नाही, पायांना जाणवतो. पुलाखाली नागझरी आहे. आज ती नाल्यासारखी दिसते, पण जुन्या कसब्याची पूर्वेकडील हद्द हीच होती, आणि सोमवार, रास्ता, नाना या पेठा तिच्या पलीकडे वसल्या. दुसरा प्रवाह आंबिल ओढ्याचा. तो पूर्वी शहराच्या मधून वाहत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह वळवला आणि त्यामुळे पश्चिमेकडे पेठा वाढायला जागा मिळाली. त्याच काळात कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने पाणी शहरात आणले गेले. ते कोणत्याही यंत्राशिवाय केवळ उतारावरून वाहत शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत येत असे. काळा हौद, बदामी हौद ही ठिकाणांची नावे त्या व्यवस्थेची आहेत. कधी स्वारगेटवरून कात्रजकडे धावलात तर हे पाणी शहरात का येऊ शकले, हे मांड्यांना चांगलेच समजेल, कारण रस्ता बहुतेक चढाचाच आहे.

नागझरी ओलांडल्यावर सोमवार पेठेत, तिच्या काठाशीच, त्रिशुंड गणपतीचे देऊळ आहे. या फाट्यावर थांबायचे एकच ठिकाण निवडायचे असेल तर हे निवडा. बांधकाम १७५४ मध्ये गोसावी पंथाच्या महंतांनी सुरू केले. देऊळ काळ्या पाषाणाचे आहे, शिखर अपुरे राहिल्यासारखे आहे, आणि दर्शनी भिंत मात्र शिल्पांनी भरलेली आहे. दाराच्या बाजूला नीट पाहिले तर साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि त्याच्याभोवती इंग्रजी पोशाखातले शिपाई कोरलेले दिसतात. प्लासीच्या लढाईच्या आसपासच्या काळातला पुण्याचा कारागीर पूर्वेकडून येणाऱ्या बातम्यांची अशी नोंद दगडात ठेवतो, हे मला दर वेळी थक्क करते. आतली मूर्ती तीन सोंडांची आणि मोरावर बसलेली आहे. घामेजलेल्या कपड्यांत गाभाऱ्यात जायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. बूट मात्र ओट्याखाली काढावेत आणि देवळाच्या आवारात धावू नये.

येथून रास्ता पेठेतून दक्षिणेला जाऊन लक्ष्मी रस्त्याला लागावे आणि सरळ पश्चिमेला डुल्या मारुती, सोन्या मारुती, बेलबाग चौक, कुंटे चौक असे करत अलका चौकात परत यावे. नागझरी पुन्हा एकदा ओलांडावी लागते आणि तो उतार पुन्हा जाणवतो. गणेशोत्सवातील विसर्जन मिरवणूक मंडईपासून निघून याच लक्ष्मी रस्त्याने अलका चौकात येते आणि तिला चोवीस तासांहून अधिक वेळ लागतो. बेलबाग चौकापासूनचे ते अंतर सकाळी सातच्या आत तुम्ही दहा मिनिटांत धावून जाल. दुकाने उघडण्यापूर्वीचा लक्ष्मी रस्ता हा पुण्यातल्या रविवारचा मोठा लाभ आहे. नजर दुकानांच्या पाट्यांच्या वर ठेवावी, कारण खाली सगळे काचेचे आणि नवे असले तरी दुसऱ्या मजल्यावर जुने लाकडी कठडे अजून टिकून आहेत. हा पूर्ण फेरा डेक्कनपासून सुमारे सहा ते सात किलोमीटरांचा होतो.

येथवरचे थोडक्यात सांगायचे तर चार किलोमीटरची मूळ फेरी, ती पाठ झाल्यावर पूर्वेचा फाटा, आणि अधूनमधून तोच मार्ग वेगळ्या वेळी. एवढ्यावर पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ सहज निघतो.

दुसरा फाटा दक्षिणेचा. बेलबाग चौकातून शिवाजी रस्त्याने मंडईकडे गेले की महात्मा फुले मंडईचा अष्टकोनी मनोरा समोर येतो. १८८६ मध्ये ती रे मार्केट या नावाने सुरू झाली. सकाळी साडेसहाला येथे धावण्याचा हट्ट धरू नये. हातगाड्या, पोती, हमाल आणि ओली पालेभाजी यांचा तो कामाचा वेळ असतो आणि त्यांच्या वाटेत येण्याचा आपल्याला अधिकार नाही. चालत आत जावे, गाळ्यांच्या उंच बैठका आणि वरचे लोखंडी व लाकडी छत पाहावे आणि बाहेर पडून पुन्हा धावायला लागावे. जवळच तुळशीबागेतले राममंदिर आहे, आणि बाजीराव रस्त्यावर १८०७ चा विश्रामबागवाडा आहे. त्याच्या दर्शनी सज्जाखालचे कोरीव लाकडी खांब सुरूच्या झाडाच्या घाटाचे आहेत. शिवाजी रस्त्यावर दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाडा होता, जेथे १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली. मोडकळीला आलेली ती इमारत राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये उतरवण्यात आली. नव्याने येणाऱ्या मुलींना मी ती जागा आवर्जून दाखवते, कारण आज कोणत्याही वेळी घराबाहेर पडून रस्त्याने धावण्याचा जो हक्क आपण गृहीत धरतो, त्याची मुळे त्या जागेत आहेत. त्या दोघांचे घर गंज पेठेत आहे, आणि जरा पुढे धावायची तयारी असेल तर तेथपर्यंतही जाता येते.

सदाशिव पेठेत शिरल्यावर खुणा म्हणून देवळे लक्षात ठेवावीत. खुन्या मुरलीधर, चिमण्या गणपती, उपाशी विठोबा, भिकारदास मारुती, नारायण पेठेत पत्र्या मारुती आणि मोदी गणपती. गल्ल्या एकसारख्या वाटतात तेव्हा रस्त्याचे नाव विचारून फारसा उपयोग होत नाही. देवळाचे नाव घेतले की कोणीही हात दाखवून वाट सांगते. अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींमुळे घड्याळाचा उपग्रहाशी संपर्क चुकतो आणि नकाशावर तुम्ही कोणाच्या तरी माजघरातून धावल्याची रेघ उमटते, म्हणून अंतर आणि पेस यांवर तेथे विसंबू नये.

आता सरावाचा मुद्दा. हाफ मॅरेथॉनच्या तयारीत आठवड्यातल्या चार धावांपैकी एक वेगाची, एक लांब पल्ल्याची आणि उरलेल्या हलक्या असतील, असे मी गृहीत धरते. पेठांची धाव ही हलक्या धावेच्या जागीच बसवावी. वेगाची धाव पेठांत करू नये, कारण वळणे, अडथळे आणि निसरडे ब्लॉक यांत घोटा मुरगळण्याचा धोका आहे. लांब पल्ल्याच्या धावेचा थोडा भाग मात्र पेठांतून नेता येईल: पहिले सात-आठ किलोमीटर नदीपलीकडच्या रुंद रस्त्यांवर सलग धावून घ्यावे आणि मग शरीर तापलेले असताना मूळ फेरीवर यावे. अशा धावेचे मोजमाप अंतराने करू नका, वेळेने करा. पन्नास मिनिटे ठरवली तर थांबणे-चालणे धरून पन्नास मिनिटे. शेजारच्या व्यक्तीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतकाच वेग असावा. हलक्या धावेचा हेतू पायांना आणि हृदयाला वेळ देणे हा असतो, आणि मधले एक-दोन मिनिटांचे थांबे त्या हेतूला बाधा आणत नाहीत. थांबा पाच मिनिटांहून लांबला तर मात्र पुढची दोन मिनिटे चालून मग धाव धरावी. थंडीत पोटऱ्या लवकर आखडतात.

चढाचा सराव हवा असेल तर पर्वती आहेच. १७४९ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी वर देवदेवेश्वराचे मंदिर बांधले. वर जाणाऱ्या शंभराहून थोड्या अधिक दगडी पायऱ्या रुंद आणि तिरक्या उताराच्या आहेत. चढताना धावावे, उतरताना चालावे, कारण उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात आणि दुसऱ्या दिवशीचे दुखणे तेथून येते. वर पोहोचल्यावर शहराकडे तोंड करून उभे राहिलात तर तुम्ही धावलेली फेरी, नदीची रेघ आणि पेठांचा पुंजका एका नजरेत ओळखता येतो. मूळ फेरी पाठ झालेली असेल तरच या दृश्यातून काही वाचता येते, म्हणून पर्वतीचा फाटा मी मुद्दाम उशिरा ठेवते.

सुरक्षिततेविषयी स्पष्ट लिहिते. हिवाळ्यात नीट उजाडण्याआधी गल्ल्यांत शिरू नये. उजाडेपर्यंत जंगली महाराज रस्ता किंवा केळकर रस्ता अशा वाहत्या रस्त्यावर राहावे. पहिले काही रविवार सोबत असावी. कानात गाणी लावू नयेत, कारण वळणापलीकडची दुचाकी आधी ऐकू येते आणि मग दिसते. समोरून येणारे वाहन दिसेल अशा बाजूने धावावे. कुत्रे भुंकत आले तर लगेच चालू लागावे, त्याच्याकडे रोखून पाहू नये आणि पाठ फिरवून पळू नये. कचऱ्याच्या ढिगाऱ्याजवळ रात्रभर बसलेली कुत्र्यांची टोळी असते, तो कोपरा लक्षात ठेवून टाळावा. चावा किंवा ओरखडा बसलाच तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. यात दिरंगाई चालत नाही. लोकांविषयी माझा अनुभव आश्वासक आहे. सडा घालणाऱ्या बायका, दूध टाकणारी मुले, चौकात बसून वर्तमानपत्रांत पुरवण्या घालणारे विक्रेते, तालमीतून बाहेर पडणारी मंडळी, ही सर्व तुम्हाला काही आठवड्यांत चेहऱ्याने ओळखू लागतात, आणि ठरलेली फेरी धरण्याचा हा फायदा मी सुरक्षिततेतच मोजते. त्याच वेळी, रोजची फेरी आणि वेळ समाजमाध्यमांवर सर्वांना दिसेल अशी टाकू नये, आणि घराचा परिसर नकाशावर झाकून ठेवण्याची सोय वापरावी.

गल्ली ही तेथल्या लोकांच्या घराचा पुढचा भाग असते, हे धावणाऱ्यांच्या गटांनी विशेष ध्यानात ठेवावे. आठ-दहा जणांनी मोठ्याने गप्पा मारत आळीतून जाणे, कोणाच्या दिंडी दरवाजातून परवानगी न घेता चौकात शिरून छायाचित्रे काढणे, ओल्या रांगोळीवर पाय देणे, हे मी खपवून घेत नाही. वाडा आतून पाहायचा असेल तर दाराशी उभे राहून विचारावे. बहुतेक वेळा होकार मिळतो आणि पुष्कळदा माहितीही मिळते.

पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो, म्हणून जून ते सप्टेंबर मूळ फेरीतले दोन उंच पूलच वापरावेत. ओल्या लोखंडी झाकणांवर पाय टाकू नये आणि वळणे चालून घ्यावीत. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असतात त्या दिवसांत भवानी पेठ आणि नाना पेठेत धावणे सोडून द्यावे आणि वारकऱ्यांबरोबर चालावे. गणेशोत्सवाचे दहा दिवसही मांडवांमुळे पेठांतला रस्ता जागोजागी अडतो. तेव्हा टेकडी बरी. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला फक्त मूळ फेरी करून बघा, चार किलोमीटरला पाऊण तास लागला तरी चालेल. पूर्वेच्या फाट्याला हात घालायचा तो रस्त्यांच्या पाट्यांकडे न बघता आणि फोन न काढता ती फेरी पूर्ण करता येऊ लागेल तेव्हा.